'आइर' म्हणजे पाणी

इंडोनेशियातल्या सातवीतल्या मुलापुढे रोमन लिपीतली तीन अक्षरं ठेवा: ए, आय, आर. तो बेधडक 'आइर' असं वाचेल आणि त्याच्या डोळ्यांपुढे पाणी येईल, कारण त्याच्या भाषेत पाण्याला आइरच म्हणतात. पुढच्या तासाला इंग्रजीच्या बाई येतात आणि त्याच तीन अक्षरांची हवा होते. जे, ए, एम या अक्षरांचा शब्द घरी 'जाम', म्हणजे तास किंवा घड्याळ. इंग्रजीत तो पावाला लावायचा जॅम. एम, ए, आय, एन म्हणजे 'माइन', खेळणं. इंग्रजीत 'मेन', मुख्य.

आपल्या मुलांना हा घोळ माहीत नाही. देवनागरीतून रोमनकडे जाताना सव्वीस नवी चित्रं घोकावी लागतात हे खरं, पण लिपी बदलली की डोक्यातला खटकाही बदलतो. इंडोनेशियन मुलाला सगळी अक्षरं आधीपासून ओळखीची असतात. वाट सोपी दिसते आणि नेमका तिथेच पाय घसरतो. इंडोनेशियात इंग्रजी का रुजत नाही, यावर गेल्या काही दशकांत बरंच संशोधन झालं आहे. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की प्रश्न इंग्रजीच्या तासाला विचारला जातो, पण त्याचं निम्मं उत्तर पहिली-दुसरीच्या वर्गात पडलेलं आहे.

आधी भाषेबद्दल थोडं. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या एका परिषदेत एक देश, एक राष्ट्र आणि एक समान भाषा अशी शपथ घेतली गेली. भाषा म्हणून निवडली ती जावानीज नव्हे, जिचे बोलणारे सर्वांत जास्त होते, तर बंदरांतून आणि बाजारांतून चालणारी मलय. तिलाच 'बहासा इंडोनेशिया' असं नाव मिळालं. बहासा म्हणजे आपली भाषाच. तिथल्या शाळेत पाऊल टाकलं तर मराठी माणसाला चुकल्याचुकल्यासारखं वाटणार नाही: शिक्षक 'गुरु', विद्यार्थी 'सिस्वा' म्हणजे शिष्य, कॉलेजात गेला की 'महासिस्वा', शब्दाला 'काता' (कथेवरून आलेला), साहित्याला 'सास्त्रा', वाचनालयाला 'पेरपुस्ताकाआन', ज्याच्या पोटात सरळसरळ पुस्तक बसलेलं आहे. आणि निरक्षर माणूस 'बुता अक्सारा', अक्षरांपुरता आंधळा.

या भाषेचं लेखन कमालीचं सरळ आहे. जसं लिहायचं तसं वाचायचं. डच अमलात १९०१ साली ठरलेल्या वर्तनीत 'उ' साठी ओ आणि ई अशी दोन अक्षरं लागत. १९४७ साली ती गेली. १९७२ साली मलेशियाच्या जोडीने आणखी साफसफाई झाली, 'च' आणि 'ज' यांना एकेक अक्षर मिळालं आणि 'य' चं अक्षर बदललं. बिझनेस हा शब्द इंडोनेशियन लोकांनी घेतला तो 'बिस्निस' असा, जसा ऐकला तसा लिहून. मोठी खोच म्हणावी अशी एकच: 'ई' या अक्षराचे दोन उच्चार होतात. त्यामुळे 'अपेल' हा शब्द एका उच्चारात सफरचंद असतो आणि दुसऱ्यात कवायतीची हजेरी. आपल्याकडे 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, तसंच हे. संदर्भावरून कळतं, कुणी अडत नाही.

लिपी सरळ असली की काय होतं, याचा एक गाजलेला पुरावा युरोपातून आला. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिलीचं वर्ष संपताना फिनिश, इटालियन, स्पॅनिश वगैरे सरळ लिपीची मुलं ओळखीचे शब्द वाचताना क्वचितच चुकत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडमधली मुलं शंभरातले जेमतेम ३४ शब्द बरोबर वाचत होती. ही इंग्रजी त्यांची स्वतःची भाषा, हे विसरू नये. म्हणजे इंग्रजी वाचायला अवघड जातं ते परक्यांनाच असं नाही. ती लिपीच तशी आहे.

इंडोनेशियन मुलांवरचा अभ्यास हेदर विन्स्केल आणि विजाया यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. (विजाया या आडनावाचं रोमन स्पेलिंग जुन्या वर्तनीतलं आहे. इंग्रजी वाचणारा ते 'विड्जाजा' असं काहीतरी वाचतो. खरं तर ते आपलं 'विजय' आहे.) नव्याने वाचू लागलेल्या मुलांत अक्षरओळख आणि वाचन यांचं नातं घट्ट होतं, आणि सुट्या ध्वनीबरोबर उच्चाराचा एकेक तुकडाही त्यांना आधार देत होता. यात नवल नाही. 'बु-कु', 'मे-जा', 'सा-तु' असे नेटके तुकडे पडणारी ही भाषा आहे आणि पिढ्यान् पिढ्या मुलं तिथे बा-बि-बु-बे-बो असं घोकतच वाचायला शिकली. 'इनी बुदी', हा बुदी, हे वाक्य तर अख्ख्या एका पिढीच्या तोंडात बसलेलं आहे, आपल्या 'कमल नमन कर' सारखं.

इथवर सगळं छान. अडचण पुढे आहे.

सरळ लिपीत मूल लवकर वाचतं, म्हणजे नेमकं काय करतं? अक्षरांचे आवाज काढतं. ऐकणाऱ्या गुरुजींना वाटतं, आलं वाचायला. २०१४ साली दुसरीच्या मुलांची देशभर वाचनचाचणी झाली. एकही शब्द न वाचता येणारी मुलं शंभरात साधारण सहाच निघाली. पण सफाईने वाचून नीट अर्थही सांगणारी मुलं निम्म्याच्या आसपास होती. मधली सगळी मुलं आवाज काढत होती, अर्थ कुठेतरी वाटेत सांडत होता. पूर्वेकडच्या मालुकू, पापुआ या भागांत तर न वाचणाऱ्यांचं प्रमाणही कितीतरी जास्त होतं.

पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी घ्या. इंडोनेशियाचा वाचनातला गुणांक २००० साली ३७१ होता. २०१८ साली पुन्हा ३७१. २०२२ साली, महासाथीनंतर, ३५९. सहभागी विकसित देशांची सरासरी त्या वर्षी ४७६ होती. किमान पातळी गाठणारी इंडोनेशियन मुलं चारात एक. ही परीक्षा इंग्रजीची नव्हे, मुलं ती इंडोनेशियनमध्येच देतात. वर्तमानपत्रांनी या आकड्यांवर दरवेळी ऊर बडवून घेतला, पण एक गोष्ट बहुतेकांनी सांगितली नाही: २००३ साली पंधरा वर्षांची निम्म्याहून कमी मुलं या चाचणीच्या कक्षेत येत होती, २०१८ साली ८५ टक्के आली. पूर्वी जी शाळेबाहेर असायची ती गरीब घरांतली, दूरच्या बेटांवरची मुलं आत आली, तरी २०१८ साली आकडा २००० सालच्याच जागी होता. मी तरी याला निव्वळ अपयश म्हणणार नाही.

आता इंग्रजीकडे येऊ. १९९९ साली अरी नुरवेनी आणि जॉन रीड यांनी सुमात्रातल्या एका विद्यापीठातल्या ३२४ नव्या विद्यार्थ्यांचा इंग्रजी शब्दसाठा मोजला. शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली ही मुलं. सरासरी शब्दसाठा निघाला १,२२६. सोपं न केलेलं इंग्रजी पुस्तक स्वतःचं स्वतः वाचायला तीन ते पाच हजार शब्द तरी लागतात असं मानलं जातं. दुसऱ्या एका प्रयोगातून दिसलं आहे, की मजकूर आरामात समजायचा तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत. पन्नास शब्दांत एक अनोळखी चालतो. बाराशे शब्दांच्या शिदोरीवर दर ओळीत ठेच लागते. मग मूल काय करतं? जे इंडोनेशियन वाचताना करायला शिकलं तेच. आवाज काढतं.

चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ साली एक साधा प्रश्न विचारला होता: परक्या भाषेत वाचता येत नाही, तेव्हा दोष भाषेचा की वाचनाचा? तेव्हापासून संशोधक यावर झगडत आहेत. एलिझाबेथ बर्नहार्ट यांनी मांडलेला ढोबळ हिशेब असा, की परभाषेतल्या वाचनातला सुमारे २० टक्के फरक स्वभाषेतल्या वाचनकौशल्याने समजतो, सुमारे ३० टक्के त्या परभाषेच्या ज्ञानाने, आणि उरलेला निम्मा इतर गोष्टींत असतो: आवड, विषयाची माहिती, चिकाटी. इंडोनेशियात पहिल्या दोन्ही बाजू लंगड्या आहेत. त्यातही आणखी एक गाठ. २०१० च्या जनगणनेत घरी रोज इंडोनेशियन बोलणारे पाचात एकाच्या आसपास होते. बाकीच्यांच्या घरात जावानीज, सुंदानीज, मदुरीज, बाली, अशा सातशेवर भाषांपैकी कुठली तरी. म्हणजे ज्याला आपण 'स्वभाषेतलं वाचन' म्हणतो, ते बहुतेक मुलांचं दुसऱ्या भाषेतलं वाचन असतं आणि इंग्रजी तिसरी.

सरकारांनी यावर शोधलेले उपाय पाहिले की आपल्या इथली आठवण येते. २००३ च्या शिक्षण कायद्यात 'आंतरराष्ट्रीय दर्जाच्या' शाळांची तरतूद झाली. हजाराहून अधिक सरकारी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचा घाट घातला गेला. गणिताच्या गुरुजींना इंग्रजी येत नव्हतं, इंग्रजी येणाऱ्यांना गणित. फी वाढली, आणि तशी शाळा म्हणजे पैसेवाल्यांची शाळा असं झालं. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी दाद मागितली आणि ८ जानेवारी २०१३ रोजी घटनात्मक न्यायालयाने ती तरतूदच रद्द केली. त्याच वर्षीच्या अभ्यासक्रमाने प्राथमिक शाळेतून इंग्रजी हा सक्तीचा विषय म्हणून दूर ठेवला. आता लंबक उलट फिरला आहे. २०२७-२८ पासून तिसरीपासून इंग्रजी सक्तीचं होणार आहे. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हाचे वाद ज्यांना आठवतात त्यांना पुढची वाक्यं पाठ असतील.

लवकर सुरू केलं की लवकर येतं, ही समजूत जगभर आहे. बार्सिलोनात अनेक वर्षं चाललेल्या एका अभ्यासात मात्र दिसलं, की तेवढेच तास मिळाले तर उशिरा सुरू केलेली मुलं शाळेतल्या इंग्रजीत वेगाने पुढे जातात. लहान वयाचा फायदा व्हायचा तर भाषा दिवसभर कानावर पडावी लागते. आठवड्यातल्या दोन-तीन तासिकांत तो मिळत नाही. तिसरीतल्या मुलांना शिकवायला इंग्रजी येणारे गुरुजी सतरा हजार बेटांवर कुठून येणार, हा वेगळाच प्रश्न.

मुलांना इंग्रजी नको आहे असं मात्र अजिबात नाही. मार्टिन लँब यांनी सुमात्रातल्या शहरी शाळेत नुकत्याच आलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. पाश्चात्त्य व्हायचं म्हणून किंवा फक्त नोकरीसाठी म्हणून असे हेतू त्यांना वेगळे काढता आले नाहीत. मुलांना गावचंही राहायचं होतं आणि जगाचंही व्हायचं होतं. वीसेक महिन्यांनी ते पुन्हा गेले. उत्साह टिकून होता, पण वर्गातल्या इंग्रजीबद्दलचं मत उतरलं होतं. ज्यांना जमत होतं ती बरीचशी मुलं बाहेर शिकत होती, क्लासमध्ये, घरी, गाण्यांतून.

या भुकेचं सगळ्यात गमतीदार रूप पूर्व जावामधल्या केदिरी जिल्ह्यात पारे इथे दिसतं. १९७७ साली कालेन्द ओसेन यांनी तिथे एक साधा इंग्रजी वर्ग सुरू केला. आज त्या परिसराला 'काम्पुंग इंग्रिस', इंग्रजी गाव, म्हणतात. शंभरावर क्लास, सुट्टीत देशभरातून येणारी पोरं, भाड्याच्या सायकली, आणि 'इथे फक्त इंग्रजी' अशा नियमाची वसतिगृहं. 'इंग्रिस' हा शब्द त्यांच्याकडे पोर्तुगीजांकडून आला असं मानतात, जसा आपल्याकडे 'इंग्रज'. मेजाला ते 'मेजा' म्हणतात, तोही तिथूनच घेतलेला शब्द. पारेत शाळेपेक्षा जास्त काय मिळतं? जादूची पद्धत नाही. तास मिळतात, आणि चुकायची मुभा.

शाळांत २०१५ पासून आणखी एक छोटा नियम आला: तास सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काहीही वाचायचं. कल्पना उत्तम. पण त्यासाठी 'पेरपुस्ताकाआन'मध्ये मुलांना वाचावीशी वाटतील अशी पुस्तकं लागतात, आणि अनेक शाळांत त्या खोलीत जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे असतात. फिजीमध्ये १९८०च्या सुमारास गावाकडच्या शाळांत प्रत्येक वर्गाला सोप्या इंग्रजी गोष्टींची अडीचशे पुस्तकं दिली होती. मुलं स्थानिक फिजियन आणि गिरमिटियांच्या वंशातली भारतीय. आठ महिन्यांत त्यांचं वाचन नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेलं. नवा अभ्यासक्रम आला नव्हता, पुस्तकं आली होती.

सुंबा बेटाच्या पूर्व भागात गेल्या काही वर्षांत उलट्या टोकाने सुरुवात झाली आहे. तिथे पहिल्या इयत्तांत मुलांशी आधी त्यांच्या घरच्या भाषेत बोलायचं, त्यातूनच वाचायला शिकवायचं आणि मग हळूहळू इंडोनेशियनकडे न्यायचं असा प्रयोग चालू आहे. तिथली एक भाषा कांबेरा. तिच्यात पाण्याला 'वाई' म्हणतात. (आपली वाई कृष्णेकाठी आहे, हा निव्वळ योगायोग.) २०२७ साली तिसरीत जाणारी सुंबाची मुलगी घरी वाई पीत असेल. शाळेत तिला आइर लिहायला शिकवलेलं असेल. आणि आता बाई फळ्यावर नवा शब्द लिहितील, वॉटर, आणि त्याच्याच खाली ए, आय, आर.