ऊसतोडीच्या फडावरचं, वीटभट्टीवरचं मूल शाळेत कसं दाखल करायचं? कोल्हापूर जिल्ह्यासाठी माहिती

दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांची धुराडी पेटतात आणि करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागलच्या शिवारात खोप्या उभ्या राहतात. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून ऊसतोड टोळ्या आलेल्या असतात. नदीकाठी वीटभट्ट्या लागतात, गुऱ्हाळं सुरू होतात. या सगळीकडे शाळेच्या वयाची पोरं दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आता वर्षाच्या मध्यावर यांना कोणती शाळा घेणार? म्हणून उत्तर आधीच सांगतो. मूल ६ ते १४ वर्षांचं असेल तर घराजवळच्या सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेनं त्याला घ्यायलाच हवं. महिना कोणताही असो आणि हातात एकही कागद नसो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

मागच्या हंगामात एका फडावर नऊ वर्षांची मुलगी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधताना पाहिली. पाचटीनं बोटं चिरली होती आणि साडेतीन वर्षांचा भाऊ तिच्या परकराला धरून उभा होता. खोपीत तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत चौथीचं पुस्तक जपून ठेवलं होतं. सहामाहीपर्यंतची पानं मळलेली, पुढची कोरी करकरीत. आई म्हणाली, "हिला साळंत घातली तर बारक्याला कोण बघंल?" हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर शाळेत मिळत नाही, अंगणवाडीत मिळतं. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वस्तीजवळच्या अंगणवाडीत बसवता येतं. टोळी परगावची असली तरी चालतं. म्हणून माझा सल्ला असा, की मोठ्या मुलाच्या शाळेआधी धाकट्याची अंगणवाडी बघा. अंगणवाडीताईंना आधी भेटलात तर निम्मं काम तिथंच होतं. बाळ तीन वर्षांच्या आतलं असेल तर अडचण उरतेच. टोळीतली एखादी आजी ते सांभाळायला तयार होते का, हे आईबरोबर बसूनच ठरवावं लागतं.

कोण पात्र

६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल. जात, गाव, जिल्हा, राज्य, आईवडिलांचं उत्पन्न यातलं काहीही आड येत नाही. कधीच शाळेत न गेलेलं मूलही पात्र आहे आणि मधेच शाळा सुटलेलंही. प्रवेश वयानुसार मिळतो. अकरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसली तरी त्याला पहिलीत लहानग्यांबरोबर बसवायचं नाही. त्याचं नाव सहावीत घालायचं आणि मागचं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे प्रशिक्षण किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं चालू शकतं. तोवर मूल १४ वर्षांचं झालं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच राहतं. पुस्तकं आणि दुपारचा शिजवलेला आहार शाळेतच मिळतो. आहाराची गोष्ट पालकांना आवर्जून सांगा, कारण पहाटे फडावर गेलेल्या आईला पोराच्या दुपारच्या जेवणाचा घोर असतो.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त मुलं इथंच परत फिरतात. वर सांगितलेल्या मुलीला घेऊन तिचे वडील जवळच्या एका शाळेत गेले होते. "आधी दाखला आणा, मग बघू" असं ऐकून ते माघारी आले. दाखला होता चारशे किलोमीटरवर, आणि ते पुन्हा गेलेच नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे शाळेतल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कायदा काय म्हणतो ते बघा. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला असेल तर उत्तमच. नसेल तर दवाखान्यातली किंवा आरोग्यसेविकेकडची नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर पालकांनी वयाबद्दल दिलेलं घोषणापत्र चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्यासाठी प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. आधार कार्ड नाही हेही कारण होत नाही. ते नंतर काढता येतं.

ऊसतोडीला येणाऱ्या मुलांसाठी वेगळा कागद आहे. त्याचं नाव शिक्षण हमी कार्ड. गाव सोडण्याआधी मूळ शाळेतल्या शिक्षकांनी ते भरून पालकांच्या हातात द्यायचं असतं. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येतं, याची नोंद त्यात असते. ते कार्ड दाखवलं की इथली शाळा मुलाला वर्गात बसवते. हंगामापुरतं आलेल्या मुलासाठी मूळ शाळेतून नाव काढून दाखला आणण्याचा उद्योग करू नये. नाहीतर परत गेल्यावर तिकडे नव्यानं खटपट करावी लागते. कार्ड नसलं, तर मूळ गाव, शाळा आणि इयत्ता एवढी माहिती मुख्याध्यापकांना द्या. ते तिकडच्या शाळेशी फोनवर बोलू शकतात.

प्रत्यक्ष काय करायचं

साध्या कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. मुलाचं नाव, अंदाजे जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, मूळ गाव, सध्याचा मुक्काम आणि कोणत्या टोळीत किंवा भट्टीवर आहेत ते त्यात असू द्या. पालकांना लिहिता येत नसेल तर शेतमालकानं, मुकादमानं, शेजाऱ्यानं लिहून द्यावं आणि खाली पालकांचा अंगठा घ्यावा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. ही पोच फार मोलाची आहे. तोंडी नकार देणाऱ्याला लेखी पोच देताना पुन्हा विचार करावा लागतो.

तरीही शाळेनं घेतलं नाही तर केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगा. तिथंही काम झालं नाही तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. कोल्हापूर शहरात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीकडे जायचं. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. पण तीन महिन्यांत अर्धा हंगाम संपतो. म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांना समक्ष भेटणं केव्हाही बरं. बरीच कामं तिथंच मार्गी लागतात.

शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आजच्या कायद्यात मूल शाळेत आणण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थेवर आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे अर्ज देताना आपण उपकार मागतोय असं समजून संकोचू नका.

मूल कुणाकडे कामाला असेल तर

१४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. आपल्याकडच्या फाउंड्रीत वितळलेल्या धातूजवळ उभं राहण्याचं काम त्यातलंच. घरच्या धंद्यात मदत करायला सूट आहे, पण शाळेच्या वेळेत नाही आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेतही नाही. शिवाय तो धंदा कुटुंबाचा स्वतःचा हवा. दुसऱ्याच्या उसात पहाटे मोळ्या बांधणारं मूल या सवलतीत बसत नाही.

असं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. हा मुलांसाठीच्या सरकारी चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. सहायक कामगार आयुक्त कार्यालयात किंवा बालकामगारांच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या पेन्सिल या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. जागा, वेळ आणि मुलाचं अंदाजे वय नेमकं सांगा. मालकाशी स्वतः वाद घालायला जाऊ नका. रातोरात मूल दुसरीकडे हलवलं जातं आणि मग शोध लागत नाही. सुटका झालेल्या मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करतात. पालक घाबरतात म्हणून हेही सांगा, की पहिल्या वेळी आईवडिलांना शिक्षा होत नाही.

वडील वारले आणि पोरगं चहाच्या गाड्यावर लागलं, असं आपल्या गल्लीबोळात किती घरांत झालंय. अशा घरासाठी बालसंगोपन योजना आहे. एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. पालकाचा मृत्यूचा दाखला, आई आणि मुलाचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि बँक पासबुक जोडावं लागतं. बोनाफाईड शाळेत नाव असल्याशिवाय मिळत नाही. म्हणून इथंही आधी प्रवेश, मग योजना.

परत जाताना

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि टोळी एका रात्रीत सामान भरून निघते. तेव्हा शाळेत जायला कुणाला वेळ नसतो. शेवटच्या पंधरवड्यातच मुकादमाला तारीख विचारून ठेवा आणि शाळेकडून हमी कार्ड भरून घ्या. इथले हजेरीचे दिवस, मूल्यमापनाच्या नोंदी आणि पुस्तक कोणत्या पाठापर्यंत झालं, हे तिन्ही त्यावर लिहून मागा.