सुवर्णखाण परिसरातील भूजल-गुणवत्ता संनियंत्रण

सोन्याच्या खाणीच्या आसपासच्या विहिरी, बोअर, हातपंप आणि मुद्दाम खोदलेल्या निरीक्षण विहिरी यांतले पाणी ठरावीक काळाने तपासून त्यात पडत गेलेल्या फरकाची सलग नोंद ठेवणे, म्हणजे हे संनियंत्रण. भारतात या कामाचा विचार करताना कर्नाटकाकडेच पाहावे लागते. कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण चालू आहे.

टनभर खडकातून सोने निघते ते काही ग्रॅम. त्यासाठी सारा खडक पिठासारखा दळून त्यातले सोने सायनाईडच्या द्रावणात विरघळवून घेतात आणि उरलेला गाळ बाहेर टाकतात. सायनाईडची ही रीत 1887 पासूनची. कोलारला या दळलेल्या गाळाच्या टेकड्या शहराला लागूनच उभ्या आहेत आणि त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माल असावा असे मानले जाते. दर पावसाळ्यात पाणी या ढिगांतून झिरपते.

सायनाईडचे नाव ऐकताच लोक धसकतात, आणि ते साहजिक आहे. पण उघड्यावर, ऊन-वाऱ्यात त्याचे बरेच विघटन होते. जमिनीखाली ऊन पोचत नाही, तिथे ते जास्त काळ टिकू शकते. चिवट धोका आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचा. सोन्याच्या शिरांबरोबर अनेकदा आर्सेनोपायराइट हे खनिज असते. खडक फुटून त्याला हवा-पाणी लागले की त्यातले आर्सेनिक सुटू लागते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नायट्रेटही मोजतात, कारण सुरुंगाच्या दारूतून आणि सायनाईडच्या विघटनातून ते पाण्यात येते. मात्र शेतातल्या खतातून आणि गावच्या सांडपाण्यातूनही तेच येते, म्हणून एकट्या नायट्रेटवरून खाणीवर बोट ठेवता येत नाही.

म्हणूनच सर्वांत मोलाचा नमुना खाण सुरू होण्याआधीचा. हे आर्सेनिक खडकात मुळातच होते की खाणीने मोकळे केले, याचा निवाडा त्या पहिल्या आकड्याशिवाय होत नाही. तो आकडा नसेल, तर भूजल जिकडून खाणीकडे वाहत येते, त्या वरच्या अंगाच्या विहिरींशी तुलना करून भागवावे लागते. विहिरींच्या जागाही नुसत्या अंतरावरून ठरवता येत नाहीत. कोलार-हट्टीचा कठीण खडक पाणी धरतो तो भेगांत. एका शेतात बोअरला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते, हे दख्खनच्या काळ्या पाषाणावर शेती करणाऱ्याला सांगायला नको. निरीक्षण विहीर भेग चुकून खोदली, तर तिचे पाणी वर्षानुवर्षे निर्मळ दिसेल आणि दूषित पाणी बाजूने निघून जाईल.

नमुना घेणे हे निगुतीचे काम आहे. विहिरीच्या नळीत साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकतात. साधारणपणे नळीतल्या पाण्याच्या तिप्पट, सामू (pH, पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा) आणि विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिर होईपर्यंत. मग बाटल्या वेगवेगळ्या. विरघळलेल्या धातूंसाठीचे पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्यात नायट्रिक आम्ल घालतात, सामू 2 च्या खाली नेतात. सायनाईडच्या बाटलीत उलट सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू 12 च्या वर ठेवतात आणि ती अंधारात, बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे धाडतात. या दुसऱ्या बाटलीत चुकून आम्ल पडले, तर सायनाईड विषारी वायू होऊन उडून जातो आणि अहवालावर ‘आढळले नाही’ असे येते. असा अहवाल हाती आला की आधी बाटल्या कशा भरल्या ते विचारावे.

भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे सायनाईड 0.05, आर्सेनिक 0.01 आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमपर्यंत चालते. पावसाळ्याआधी आणि नंतर, असे वर्षातून किमान दोन नमुने हवेत. नव्या पाण्याने विहिरीतले दूषण पातळ होऊ शकते, तसे ढिगातले क्षार धुऊन खाली आणल्याने ते वाढूही शकते. एकाच मोसमातला आकडा फसवतो.

खाण बंद झाली की पाणी मोजणेही थांबवायचे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक. उपसा थांबतो, बोगदे पाण्याने भरत जातात, आणि इतकी वर्षे हवा लागलेले खडक धुतले जातात. कोलारचे बोगदे तर तीन किलोमीटरहून खोल होते.

किती काळ लक्ष ठेवायचे, याचे उत्तर यादगीर जिल्ह्यातल्या किरदळ्ळी तांड्याने दिले आहे. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा ज्या मुलखातून पुढे जाते, त्यातलाच हा लमाणांचा तांडा. जवळच्या खडकांत जुन्या काळी सोने काढले जात असे. ते थांबल्यावरही तिथल्या भूजलात आर्सेनिक आणि रहिवाशांच्या अंगावर त्याच्या खुणा असल्याचे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. आर्सेनिकच्या बाधेत तळहात खरखरीत, जाड होतात, कातडीवर डाग येतात. पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर हे दिसते. अहवाल फायलीत राहिला तर पिणारे तेच पाणी पीत राहतात. बांगलादेशात आर्सेनिकयुक्त हातपंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवे रंगवले गेले. पाण्याला आलेल्या माणसाला अक्षरओळख नसली तरी तो रंग दिसतो.