दत्तक कायद्याची अर्धशतकी रखडपट्टी

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी किंवा ज्यू जोडप्याने अनाथालयातून मूल घरी आणलं, तर कायद्याच्या लेखी ते त्या मुलाचे आईवडील होत नसत. १८९० च्या इंग्रजी अमदानीतल्या 'पालक व पाल्य' कायद्याखाली त्यांना फक्त पालकत्व मिळे, आणि मूल सज्ञान झालं की तेही संपे. मुलाला वारसाहक्क नाही. मृत्युपत्र केलं नाही, तर ज्या घरात ते लहानाचं मोठं झालं त्या घरावर चुलते-पुतणे हक्क सांगू शकत. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोर्टाचा कागद दाखवत 'आम्ही याचे कोण' हे सिद्ध करत बसावं लागे. शेजारच्या हिंदू घरात आलेल्या दत्तक मुलाला मात्र पोटच्या मुलाचे सगळे हक्क होते. एकाच अनाथालयात वाढलेल्या दोन मुलांचं भवितव्य त्यांना नेणाऱ्यांचा धर्म ठरवत होता. ही स्थिती बदलायला इतकी वर्षं का लागली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे दत्तक हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वंश, गादी आणि वतनाशी जोडलेला. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केलं आणि पुढे झाशी घेतली, ती दत्तक वारस नामंजूर करून. मूल घ्यायचं ते पिंडदानासाठी आणि इस्टेटीसाठी, तेही मुलगा, आणि शक्यतो भाऊबंदांतला. टाकून दिलेल्या मुलाला घर मिळावं हा विचार त्यात जवळपास नव्हता.

तो विचार महाराष्ट्रात कृतीत आणला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी सोय होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. पंढरपुरातही १८७५ च्या सुमारास प्रार्थना समाजाच्या मंडळींनी असंच बालकाश्रम उभारलं. कायद्याने ज्या प्रश्नाला पुढची शंभर वर्षं नीट हात लावला नाही, त्याचं उत्तर पुण्यातल्या एका घराने असं आधीच देऊन ठेवलं होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख त्यात आले. मुलगी दत्तक घेता येऊ लागली, ही मोठी गोष्ट. पण साचा जुनाच राहिला. घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी नाही. विवाहित बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येत नव्हतं. नवरा घेणार आणि ती संमती देणार, एवढीच तिची जागा. नवऱ्याच्या संमतीने तिलाही दत्तक घेता यावं ही दुरुस्ती यायला २०१० उजाडलं. चोपन्न वर्षं! या दुरुस्तीला कुठल्याही धर्मगुरूचा विरोध नव्हता, म्हणून हा विलंब मला जास्त टोचतो. इथे अडवणारं कोणी नव्हतं, फक्त कुणाला घाई नव्हती.

खरी रखडपट्टी सुरू झाली १९७२ मध्ये. तेव्हाचे कायदामंत्री हरी रामचंद्र गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, यांनी सर्व धर्मीयांना लागू होणारं दत्तक विधेयक संसदेत आणलं. मांडताना समान नागरी कायद्याच्या दिशेने पहिलं पाऊल असं त्याचं वर्णन झालं, आणि माझ्या मते तिथेच घात झाला. विधेयक कुणालाही दत्तक घ्यायला भाग पाडणारं नव्हतं, ज्याला घ्यायचं आहे त्याला वाट मोकळी करून देणारं होतं. पण त्यावर समान नागरी कायद्याचा शिक्का बसला आणि वाद मुलांवरून उठून धर्मस्वातंत्र्यावर गेला. इस्लामी परंपरेत अनाथाचा सांभाळ पुण्याचा मानला जातो, मात्र त्याची मूळ ओळख आणि वंश बदलणं मान्य नाही. हा आक्षेप श्रद्धेचा होता आणि त्याच्याशी नीट बोलायला हवं होतं. झालं उलटंच. डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत मुस्लिम संघटनांचं मोठं अधिवेशन भरलं आणि पुढच्याच वर्षी अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं. त्यामागच्या कारणांत हे विधेयक ठळक होतं. संसदेच्या संयुक्त समितीत वर्षं गेली आणि १९७८ मध्ये जनता सरकारने विधेयक मागे घेतलं.

१९८० मध्ये मुस्लिमांना वगळून पुन्हा विधेयक आलं. या वेळी मुंबईच्या पारशी समाजातून विरोध झाला: आम्हालाही वगळा. तेही बारगळलं. १९९५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतःचं दत्तक विधेयक मंजूर केलं, पण ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि तिथेच थांबलं.

संसद थांबली तेव्हा न्यायालयं पुढे सरकली. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार चालतो, अशा तक्रारीचं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. त्यावर १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी सविस्तर नियम घालून दिले, आणि त्यातूनच १९९० मध्ये 'कारा' ही दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे परदेशी दत्तकाची सगळी व्यवस्था बरीच वर्षं कायद्यावर नव्हे, एका निकालावर उभी होती. आणि नियम असूनही पैसा शिरायचा तिथे शिरलाच. पुण्यातल्या एका संस्थेच्या व्यवहारांची सीबीआय चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झाली, हे मराठी वाचकांना आठवत असेल.

धर्माची कोंडी फोडण्यातही मुंबईचा वाटा आहे. एका ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. फर्डिनो रिबेलो यांनी निकाल दिला की, टाकून दिलेल्या मुलाला घर, नाव आणि कुटुंब मिळणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रश्न पहिल्यांदाच मुलाच्या बाजूने विचारला गेला होता. त्याच सुमारास, २००० च्या बाल न्याय कायद्यात दत्तकाची तरतूद आली आणि २००६ च्या दुरुस्तीने ती स्पष्ट झाली. हा कायदा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी असल्याने त्यात घेणाऱ्याचा धर्म आडवा येत नव्हता. १९७२ मध्ये जे समोरच्या दाराने झालं नाही, ते असं बाजूच्या दाराने झालं. सामाजिक कार्यकर्त्या शबनम हाश्मी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं: कोणत्याही धर्माची व्यक्ती या कायद्याखाली दत्तक घेऊ शकते, ज्याला नको त्याच्यावर सक्ती नाही. दत्तक घेणं हा मूलभूत हक्क आहे असं म्हणायला मात्र न्यायालयाने नकार दिला.

सध्याचा बाल न्याय कायदा २०१५ चा. बेवारस सापडलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत बाल कल्याण समितीने त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करावं, आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला साठ दिवस द्यावेत, आणि न्यायालयाने दत्तकाचा अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा, अशी वेळापत्रकं त्यात आहेत. कोर्टात ती पाळली जात नाहीत म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. ती सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली आणि कोर्टात पडलेल्या फायली उचलून जिल्हाधिकारी कचेरीत नेण्याचं फर्मान निघालं. पालक हवालदिल झाले: नवा अर्ज करायचा का? आधीच्या तारखा वाया गेल्या का? जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या या फायली हलवायला मनाई केली आणि न्यायाधीशांनीच प्रकरणं चालवावीत असं सांगितलं. विलंब कमी करायला आणलेल्या दुरुस्तीने निदान काही काळ विलंबच वाढवला. निवडणुका, टंचाई, भूसंपादन आणि महसुलाची अपिलं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बाळाची फाईल वर राहील, हे गृहीत धरणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

दरम्यान १९५६ चा कायदाही चालूच आहे. त्याखाली नोंदणीकृत दत्तकपत्र करून मूल देता-घेता येतं. 'कारा'ची प्रतीक्षायादी नाही, घराची पाहणी नाही, नंतरची देखरेख नाही. 'कारा'कडे नाव नोंदवलेल्या जोडप्यांना लहान बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, म्हणून ओळखीतून किंवा दवाखान्यातून परस्पर मूल मिळवण्याचा मोह होतो, आणि दलालांचं फावतं ते याच फटीत. २०२२ मध्ये सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने दोन्ही कायद्यांचा मेळ घालून सर्व धर्मीयांसाठी एकच सर्वसमावेशक दत्तक कायदा करावा, अशी शिफारस केली. पन्नास वर्षांपूर्वी गोखल्यांच्या विधेयकाची मागणी जवळपास हीच होती.