थेट रोख मदत (मराठवाडा)

थेट रोख मदत म्हणजे सरकारी योजनेचे पैसे मधी कुणाच्या हातात न जाता सरळ माणसाच्या बँक खात्यावर जमा होणं. कागदावर याला थेट लाभ हस्तांतरण म्हणतात, गावात डीबीटी. देशात ही पद्धत १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाली आणि २०१४ ची जनधन खाती अन आधार यामुळं खेड्यापर्यंत पोचली. मराठवाड्यात एकाच घरात दोन-तीन हप्ते येणं आता नवीन नाही: पीएम किसानचे वर्षाला ६००० (२००० चे तीन हप्ते), २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे तेवढेच, जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १५००, म्हाताऱ्यांना श्रावणबाळ, विधवा-दिव्यांगांना संजय गांधी निराधार, आणि पावसानं पीक झोपलं की अतिवृष्टीचं अनुदान.

रक्कम बघितली तर थोडीच आहे. पण इथली शेती बहुतेक जिरायती, सोयाबीन-कापूस-तूर, म्हणजे हातात पैसा येणार दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आणि खर्च मात्र बारा महिने, त्यातही सगळ्यात मोठा जूनमधी पेरणीच्या तोंडावर जेव्हा घरात दमडी नसते. डीएपीची बॅग १३५० ला, युरियाची २६६ ला, म्हणजे २००० च्या एका हप्त्यात एक डीएपी अन दोन युरिया येतात आणि वर रिक्षाभाडं सुटतं. हेच खत उधारीवर घेतलं तर दुकानदार भाव चढवून लावतो, आणि तोच आडत्या असेल तर माल निघाल्याबरोबर त्याच्याच काट्यावर घालावा लागतो, मग भाव कितीही पडलेला असो. म्हणजे हप्त्याचा खरा फायदा २००० रुपये नाही, उधारीतून सुटका हा आहे. तो पेरणीआधी आला तरच. जुलैच्या शेवटी आला तर उधारी झालेलीच असते, मग तो पैसा व्याज फेडायला जातो.

लाडकी बहीणचं थोडं वेगळं आहे, कारण ते पैसे बाईच्या खात्यावर पडतात. पीएम किसान सातबाऱ्यावरच्या नावाला जातं आणि सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पुरुषाचंच नाव. १५०० मधी बचत गटाचा हप्ता, फायनान्सवाल्याचा हप्ता, लेकराची वही, दवाखान्याची गोळी असं काहीबाही भागतं आणि मुख्य म्हणजे मागायला नवऱ्याकडं जावं लागत नाही. ज्या बाईच्या नावावर जमीन आहे अन पीएम किसान, नमो दोन्ही मिळतं तिला लाडकी बहीणचे फक्त ५०० मिळतात.

फुकटचा पैसा दारूत जातो हा पारावरचा आवडता मुद्दा. मध्य प्रदेशात २०११-१२ मधी ‘सेवा’ (SEWA) ही कष्टकरी बायकांची संघटना आणि युनिसेफनं काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख देऊन बघितली, मोठ्याला आधी २०० मग ३००, लहान लेकराला त्याच्या निम्मी, अट कसलीच नाही. दारूवरचा खर्च वाढला नाही, खाणं सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या. दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांतही बहुतेक असंच दिसलंय.

पण रोख म्हणजे सगळ्यावर इलाज नाही, आणि याचं उदाहरण मराठवाड्यातच आहे. केशरी रेशन कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत (त्यात मराठवाड्याचे आठही आले) २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपयानं, तांदूळ ३ रुपयानं. ते बंद होऊन जानेवारी २०२३ पासून त्याबदली माणशी महिना १५० रुपये आले, २०२४ मधी १७० झाले. आता बाजारात गहू तीसच्या पुढं, म्हणजे १७० मधी कसंबसं पाच किलो येतं, तेही पैसे वेळेवर पडले तर, आणि भाव वाढला की तोटा कार्डवाल्याचा, सरकारचा नाही. रेशनच्या धान्याचा तसा भाव वाढत नाही, पोतं घरी आलं की आलं.

ज्याच्याकडं जमीन नाही तो शेतीच्या हप्त्यांतून वगळला जातो. बटईनं करणारा पेरतो, पण सातबारा मालकाचा म्हणून पैसे मालकाला. बीड, जालना, धाराशिवकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास कारखान्याला जातात, ती उचल हजारांत-लाखांत असते, तिच्यापुढं २००० चा हप्ता काय पुरणार.

आणि पैसे पडायला सुद्धा बरंच जुळून यावं लागतं. आधार खात्याला जोडलेलं पाहिजे, केवायसी झालेली पाहिजे, मोबाईल नंबर चालू पाहिजे, अतिवृष्टीच्या अनुदानाला यादीतला व्हीके नंबर (आपल्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक) घेऊन सेतूवर जायचं, तिथं सर्व्हर डाऊन. कोयत्यानं, खुरप्यानं बोटं घासलेल्या माणसाचा अंगठा मशीन घेत नाही, चार वेळा पुसून लावला तरी. २०२५ मधी लाडकी बहीणच्या केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडलांचा आधार मागितला, ज्यांचे दोघंही नाहीत त्या बायकांची त्यात लई पंचाईत झाली.

शेवटची अडचण बँकेचीच. पीक कर्ज थकलं की खात्याला होल्ड लागतो, अनुदान पडलेलं दिसतं पण निघत नाही. अनुदानातून कर्ज वळतं करू नका असं सरकार बँकांना परत परत सांगतं, तरी होल्ड लागतोच आणि तो काढायला शाखेत अर्ज घेऊन खेटे घालावे लागतात. म्हणून बरेचजण कर्जाच्या बँकेतून आधार काढून पोस्टाच्या खात्याला जोडून घेतात, कारण डीबीटीचे पैसे ज्या खात्याला शेवटचं आधार जोडलंय तिकडंच जातात.