गाडी घसरणं वेगळं, कलंडणं वेगळं

एसयूव्हीच्या टायरची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास सांगतं: "रुंद टायर टाका, ग्रिप वाढते, मग गाडी पलटी होत नाही." ग्रिपचं म्हणणं बरोबर आहे, पलटीचं साफ चूक आहे. घसरणं ग्रिप संपल्यामुळे होतं. कोरड्या सपाट रस्त्यावर कलंडणं ग्रिप असल्यामुळे होतं. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की घोळ होतो.

घसरणं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची चाकं सुटली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते, मागची सुटली तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. नवे टायर दोनच घेणार असाल तर ते मागे बसवा, एवढं सांगून पुढे जाऊ.

कलंडण्यासाठी एक भागाकार समजून घ्यावा लागतो. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. गाडीच्या वजनाच्या तितक्या पट आडवा जोर लागला की ती कलंडते. अमेरिकेची रस्तासुरक्षा संस्था एनएचटीएसए पलटीच्या रेटिंगसाठी हाच आकडा वापरते. चाकांमधलं अंतर 1.50 मीटर आणि गुरुत्वमध्य 54 सेंटिमीटरवर असलेल्या सेडानचा आकडा 1.39 येतो. अंतर 1.52 मीटर आणि गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटरवर असलेल्या एसयूव्हीचा 1.09. आता टायर बघा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड, म्हणजे वजनाच्या किती पट आडवा जोर तो पेलतो, साधारण 0.9 ते 1 असते, ओल्या रस्त्यावर ती बरीच खाली येते. सेडानचा टायर 1.39 च्या खूप आधीच सुटतो, म्हणून ती घसरते. एसयूव्हीत पकड आणि पलटी यांच्यातली फट बोटभर उरते. तीही कागदावर. प्रत्यक्षात सस्पेन्शन दबतं, टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दुमडते, गाडीचं वजन बाहेरच्या बाजूला सरकतं आणि फट आणखी कमी होते.

ही फट उघडी पाडते ती मूज टेस्ट. स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक मूज नावाचं भलं मोठं हरीण आडवं येतं, त्यावरून हे नाव. तिचं प्रमाणित रूप म्हणजे आयएसओ 3888-2: शंकूंनी आखलेला 61 मीटरचा मार्ग. आधी 12 मीटर सरळ, मग 13.5 मीटरमध्ये शेजारच्या लेनमध्ये, तिथे 11 मीटर सरळ, मग 12.5 मीटरमध्ये परत आणि शेवटचे 12 मीटर. मार्गात शिरल्यावर 2 मीटरवर ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक लावायचा नाही. ताशी 70 किलोमीटरला ते 13.5 मीटर जेमतेम 0.7 सेकंदात संपतात. जास्त धोका असतो तो परतीच्या वळणात. पहिल्या वळणात एका बाजूला दबलेल्या स्प्रिंगा सुटतात आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी उलट बाजूला झुकते. दोन्ही झोके एकमेकांत मिसळतात.

आता दोन निकाल शेजारी ठेवा. 2012 मध्ये 'टेक्निकेन्स वेर्ल्ड' या स्वीडिश मासिकाच्या चाचणीत जीप ग्रँड चेरोकी दोन चाकांवर गेली. काही फेऱ्यांत तिच्या पुढच्या टायरनेही दगा दिला. 2014 मध्ये त्याच मासिकाच्या चाचणीत पोर्शे मकान वळायची सोडून सरळ गेली आणि शंकू पाडले. पोर्शेचं स्पष्टीकरण असं होतं की पलटीविरोधी यंत्रणेने बाहेरच्या पुढच्या चाकाला मुद्दाम ब्रेक लावला. म्हणजे पलटी टाळण्यासाठी पकड विकून टाकली. दोन्ही निकालांवर "मूज टेस्टमध्ये नापास" असा एकच शिक्का मारणं मला अजिबात मान्य नाही. एक गाडी कलंडायला आली होती, दुसरी न कलंडता लेनबाहेर गेली. शंकू पाडणारी गाडी मी कधीही पत्करेन.

मग गुळगुळीत टायर बरे का? मुळीच नाही. घसरलेली गाडी रस्त्यावरच राहील याचा भरवसा नसतो. आडवी घसरत ती साइडपट्टीच्या मुरमात उतरली की चाक रुततं, रिम जमिनीत घुसते आणि गाडी अडखळून पलटते. एनएचटीएसएच्या माहितीनुसार एकट्या गाडीच्या पलटीच्या अपघातांपैकी सुमारे 95 टक्के असेच, कशाला तरी अडखळून झालेले असतात. म्हणून पकड हवीच. तिला लगाम घालायचं काम ईएससीचं, म्हणजे गाडी ताब्यात ठेवण्यासाठी एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचं. भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत तीन किंवा जास्त तारे मिळवायला ईएससी लागतं, पण तारे म्हणजे मूज टेस्ट पास असं समजू नका.

टायरमध्ये सगळ्यात आधी हवा बघा. हवा कमी असली की जोरात वळताना साइडवॉल आत दुमडते, स्टिअरिंगला प्रतिसाद उशिरा मिळतो, म्हणून माणूस आणखी फिरवतो आणि परतीचा झोका मोठा होतो. फारच कमी असेल तर टायरची कड रिमवरून सुटते आणि उघडी रिम रस्त्याला रुतते. सतत कमी हवेने टायर तापतो तो वेगळाच. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते आणि त्या गाडीसाठी फोर्डने सुचवलेली हवा होती 26 पीएसआय. "मऊ चालते" म्हणून 4-5 पीएसआय कमी ठेवण्याची सवय मला म्हणूनच खटकते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा गार टायरसाठी असतो आणि पूर्ण भाराचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. पेट्रोलपंपावर गरम टायर 4 पीएसआय जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका.

मग आकार. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के. 235/65 आर17 काढून 255/65 आर17 टाकला तर व्यास 26 मिलिमीटरने वाढतो आणि गाडी 13 मिलिमीटर उंच होते. वरच्या एसयूव्हीचा 1.09 चा आकडा 1.07 वर येतो, पकड मात्र कमी होत नाही. ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या टायरचे उंच ठोकळे डांबरावर वाकतात आणि प्रतिसाद आणखी मंदावतो. गाडी मातीत उतरत नसेल तर कंपनीच्या मापाचे हायवे टायरच ठेवा.

आणि टायरवर तासभर वाद घालणारे छतावरच्या कॅरिअरकडे बघतही नाहीत. दोन टनांच्या त्याच गाडीच्या छतावर, जमिनीपासून 1.9 मीटरवर, 75 किलोच्या बॅगा बांधल्या की गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटरहून जास्त वर जातो आणि आकडा 1.02 वर येतो. रुंद टायरने केलं त्याच्या तिप्पट नुकसान. त्या बॅगा डिकीत, तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.