धर्मग्राम चर्च

कॅथलिक धर्मप्रांताच्या (बिशप या प्रमुख धर्मगुरूंच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या) ठरावीक हद्दीतील भाविकांच्या समुदायाला धर्मग्राम म्हणतात; त्याच्या उपासनेचे, संस्कारांचे आणि दप्तराचे मुख्य ठिकाण म्हणजे धर्मग्राम चर्च होय. धर्मग्राम स्थापन करण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या बिशपांकडे असतो. लहान गावात सुरुवात बहुधा एखाद्या मोठ्या धर्मग्रामाच्या आधीन असलेल्या चॅपेलने, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराने, होते. तिथे धर्मगुरू फिरतीवर येऊन मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) करतात आणि वस्ती वाढून त्यांच्या निवासाची व निर्वाहाची सोय झाली, की स्वतंत्र धर्मग्राम जाहीर होतो. त्यामुळे कोनशिलेवरचे वर्ष आणि धर्मग्रामाच्या स्थापनेचे वर्ष यांत पुष्कळदा अंतर असते. स्थानिक इतिहास लिहिताना ही दोन्ही वर्षे निरनिराळी धरली पाहिजेत.

अशा चर्चच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे तेथील नोंदवह्या. इटलीतील ट्रेंट येथील धर्मपरिषदेने 1563 मध्ये विवाहांची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, तर 1614 च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार), विवाह, मृत्यू आणि कुटुंबवार भाविकांची यादी अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बालकाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारे धर्मगुरू, जन्माची व संस्काराची तारीख असते. ती व्यक्ती पुढे दुसऱ्या गावी विवाहबद्ध झाली, तर तेथील धर्मगुरू मूळ धर्मग्रामाला कळवतात आणि जुन्या नोंदीच्या समासात, वेगळ्या हस्ताक्षरात, विवाहाची भर पडते. एका ओळीभोवती अशी अनेक दशके साठतात. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणीपूर्वीच्या काळासाठी तर या वह्यांना तोड नाही: दफनाच्या पानांवर एकाच महिन्यात झालेली गर्दी साथीची वार्ता देते.

इमारतीतील बदलांचा मोठा टप्पा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेनंतर) आला. उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज 1963 मध्ये संमत झाला आणि पुढच्या वर्षीच्या सूचनेने मुख्य वेदी भिंतीपासून सुटी, धर्मगुरूंना भाविकांसमोर तोंड करून उभे राहता येईल अशी असावी, असे सुचवले. काही ठिकाणी मात्र या बदलाच्या घाईत जुन्या कोरीव वेद्या मोडल्या गेल्या. सूचनेला त्याची गरज नव्हती आणि ही हानी भरून येण्याजोगी नाही.

चर्च उपासनेसाठी कायमचे बंद करायचे झाल्यास बिशप गंभीर कारणावरून, धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचे मत ऐकून, ते लौकिक उपयोगासाठी मोकळे करू शकतात. हा उपयोग अशोभनीय नसावा, असे चर्चचा कायदा सांगतो.