पावसाचा ड्रॅगन आणि गुहेतला ड्रॅगन

मालवणजवळच्या एका गावात मी चित्रकलेचे वर्ग घेते. यंदा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलाने ढगांतून वळसे घेत जाणारा, शिंगांचा आणि लांब मिशांचा ड्रॅगन काढला. चित्र जवळजवळ पुरे झाल्यावर तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, हेका पंख खंय लावू?"

त्याची अडचण खरी होती, कारण त्याने काढलेल्या प्राण्याच्या अंगावर पंखांना जागाच नसते. मराठीत आपण 'ड्रॅगन' या एकाच शब्दाने दोन वेगळे प्राणी ओळखतो. एक चीनमधला, ज्याला तिथे 'लुंग' म्हणतात, आणि दुसरा युरोपातला. दोघांच्या अंगावर खवले असतात आणि दोघांचे मूळ सापाकडे जाते, म्हणून गोंधळ होतो. पण एकाचे अवयव दुसऱ्याला जोडले की चित्राचा अर्थच हरवतो.

चिनी परंपरेत लुंगचे वर्णन इतर प्राण्यांच्या आधाराने केले जाते: हरणाची शिंगे, उंटाचे डोके, गाईचे कान, सापाची मान, शिंपल्यासारखे पोट, कार्प माशाचे खवले, गरुडाच्या नख्या आणि वाघाचे पंजे. तो पंखांशिवाय उडतो, कारण ढग आणि पाणी हेच त्याचे घर आहे. नद्या, समुद्र आणि पाऊस यांचा तो स्वामी. दुष्काळात त्याची प्रार्थना करायची. पाच नख्यांचा लुंग ही सम्राटाची खूण मानली जाई, तर जपानी चित्रांत बहुधा तीनच नख्या दिसतात. म्हणून नख्या काढताना हात सैल सोडून चालत नाही.

या लुंगचे आपल्याशी नातेही आहे. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा 'नाग' या शब्दासाठी 'लुंग' हाच शब्द वापरला गेला आणि आपले नागराज तिकडे पाण्याखालच्या महालांत राहणारे ड्रॅगनराजे झाले. श्रावणात, शेते पाण्याने भरलेली असताना, नागपंचमीला मातीचा नाग घरी आणून पुजणाऱ्या कोकणी माणसाला पाऊस आणि सर्प यांची ही जोडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

युरोपातला ड्रॅगन गुहेत राहतो, सोन्याच्या ढिगाऱ्यावर पहारा देतो आणि तोंडातून आग ओकतो. ख्रिस्ती परंपरेत तो सैतानाचे रूप ठरला, म्हणून चित्रात तो बहुधा संताच्या किंवा योद्ध्याच्या भाल्याखाली सापडतो. पाओलो उच्चेल्लोने 1470 च्या सुमारास काढलेले संत जॉर्जचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातल्या ड्रॅगनला दोनच पाय आहेत, पसरलेल्या पंखांवर डोळ्यांसारखी गोल चक्रे आहेत, आणि भाला त्याच्या डोक्यात घुसलेला असताना शेजारची राजकन्या त्याच्या गळ्यातला पट्टा धरून शांतपणे उभी आहे. असे पंख काढायचे असतील तर संध्याकाळी पेरूच्या झाडावर येणारे वटवाघूळ नीट पाहावे. लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेले कातडे हीच त्या पंखांची खरी रचना आहे.

अर्थात युरोपातला प्रत्येक ड्रॅगन दुष्ट नसतो. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन तिथल्या लोकांचा अभिमान आहे. उलट आपल्याकडे ऋग्वेदातला वृत्र नावाचा सर्प पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला मारतो. साठा धरून बसणारा आणि म्हणून मारला जाणारा असा हा वृत्र मला लुंगपेक्षा युरोपातल्या खजिन्यावरच्या ड्रॅगनला जवळचा वाटतो. फक्त सोन्याच्या जागी पाणी आहे.

रंगवण्याची रीतही या अर्थांतूनच येते. चेन रोंग या चित्रकाराने 1244 मध्ये रंगवलेली 'नऊ ड्रॅगन' ही गुंडाळी आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. तिच्यात शाई पाण्याने पातळ करत करत धुके, लाटा आणि ढग उभे केले आहेत आणि ड्रॅगनांची शरीरे त्यांतून कुठे दिसतात, कुठे बुडतात. लुंगचा प्रत्येक खवला दाखवण्याचा हट्ट धरला तर तो ढगांतून खाली पडतो. युरोपातल्या ड्रॅगनला मात्र वजन हवे, जमिनीवर सावली हवी, कारण त्याच्याशी कोणाला तरी लढायचे असते.

दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे डोळे. 'ड्रॅगन'चे मूळ असलेला ग्रीक शब्द 'पाहणे' या अर्थाच्या धातूशी जोडला जातो, आणि तो धातू आपल्या 'दृश्'चा सख्खा भाऊ आहे. चीनमध्ये सहाव्या शतकातल्या झांग संगयाओ या चित्रकाराची कथा सांगतात: त्याने मंदिराच्या भिंतीवर चार ड्रॅगन बिनडोळ्यांचे रंगवले, आणि लोकांच्या आग्रहाने दोघांचे डोळे काढताच विजा कडाडल्या, भिंत फुटली आणि ते दोघे आकाशात निघून गेले. गणपतीच्या शाळेत ज्याने डोळ्यांची आखणी पाहिली आहे, बारीक कुंचला टेकवण्यापूर्वी मूर्तिकार श्वास कसा धरतो ते पाहिले आहे, त्याला ही कथा दूरची वाटणार नाही.

त्या मुलाने पंखांच्या पेन्सिलरेषा खोडल्या आणि तिथे करड्या रंगाचा एक पातळ हात देऊन ढग केला. पावसाळी हवेत कागद लवकर सुकेना, म्हणून डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवून आम्ही चित्र दोन दिवस फळीवर तसेच राहू दिले.